जर्मनचा वर्ग तपासायचाय? आधी डब्यात काय आहे ते विचारा

माझे वडील शिरोलीच्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायला होते. घासूनपुसून चकाचक केलेला तुकडा समोर आला की आधी हातोडीनं हलकेच ठोकायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर बाजूला. मोजमापाचा कागद त्यानंतर. मी बावीस वर्षं कोल्हापुरात जर्मन शिकवते. अलीकडे शाळा, ज्युनिअर कॉलेजं, खासगी क्लासवाले ‘मॅडम, आमचा फॉरेन लँग्वेजचा कोर्स जरा बघून द्या’ म्हणून बोलावतात. गेल्यावर चहाच्या आधी निकालाची फाईल येते. जर्मन शंभर टक्के, फ्रेंच शंभर टक्के. मी फाईल बाजूला ठेवते आणि हजेरीपट मागते.

हजेरीपटातला प्रत्येक पाचवा नंबर घ्यायचा. पन्नासच्या वर्गातून दहा मुलं मिळतात, तेवढी पुरे. निवड शिक्षकांवर सोडू नका, नाहीतर दरवेळी तीच तीन हुशार मुलं भांग पाडून समोर उभी राहतात. एकेकाला वेगळ्या खोलीत बोलवा आणि पाच मिनिटं बोला. ‘तुझं नाव काय, कुठं राहतोस’ हे पहिल्या अर्ध्या मिनिटात उरका, कारण ते पाठ असतं. मग पाठ नसलेलं विचारा. माझा ठरलेला प्रश्न म्हणजे, आज डब्यात काय आणलंयस?

राजारामपुरीतल्या एका वर्गात लेखी ९६ गुणांची मुलगी या प्रश्नावर माझ्याकडे बघतच राहिली. ‘माइने फामिली’, म्हणजे माझं कुटुंब, हा दहा ओळींचा निबंध ती एकही चूक न करता म्हणत होती. डब्याला काय म्हणायचं तिथं अडली असेल, असं वाटून मी तिचा डबाच टेबलावर ठेवायला लावला. तरी नाही. तिच्यामागून ६१ गुणांचा एक पोरगा आला. म्हणाला, ‘भाकरी उंड झुणका. आबर काल्ट.’ भाकरी आणि झुणका, पण गार. वाक्यात क्रियापदच नव्हतं. पण गडी जर्मनमध्ये बोलला, आणि वर आईची तक्रारही करून गेला.

त्या दिवशी शाळेनं मला विचारलं की या पोराचे मार्क कसे वाढवायचे. मला विचारायचं होतं की त्या मुलीचं काय करायचं.

बोलणं चढवायचं आणि उतरवायचं

या पाच मिनिटांचंही तंत्र आहे. अमेरिकेतली ॲक्टफल ही परकी भाषा शिक्षकांची संघटना तोंडी मुलाखत घेते ती साधारण अशी: सुरुवातीला हलक्या गप्पा, मग मुलाला जमतंय त्या पातळीवर थोडं, मग मुद्दाम एक पायरी वरचं काहीतरी, आणि ते अडखळलं की पुन्हा खाली येऊन सोप्या गप्पांवर शेवट. वर चढल्याशिवाय मुलाची मजल कळत नाही. आणि खाली न आणता सोडलं तर पोर रडकुंडीला येऊन बाहेर जातं, मग रांगेतली पुढची नऊ घाबरून बसतात. डब्यावरूनच चढा. काल काय होतं, उद्या काय आणणार, गार का झालं, तुला कुणाचा डबा आवडतो आणि का. भूतकाळ, भविष्य, कारण, तुलना सगळं त्यातच येतं.

कागदावर चार रकाने आखा. प्रश्न समजला का, स्वतःचं वाक्य केलं का, अडकल्यावर काही युक्ती काढली का (हातवारे, दुसरा शब्द, ‘पुन्हा सांगा’), आणि आपल्याला उलटा प्रश्न विचारला का. प्रत्येकी शून्य ते तीन. चौथा रकाना बहुतेक शाळांत रिकामा राहतो, कारण आपल्याकडे मुलानं मोठ्या माणसाला प्रश्न विचारायचाच नसतो. मी त्या रकान्याला सगळ्यात जास्त मान देते.

तपासायला दोन माणसं असावीत. दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत आणि शेवटी कागद शेजारी ठेवून बघावेत. एका खान्यात दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला तर ते बोलणं पुन्हा ऐकायचं. त्यासाठी फोनवर रेकॉर्ड करायला लागतं, आणि रेकॉर्ड करायचं तर पालकांची लेखी परवानगी आधी.

दुसरं माणूस का लागतं, हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकले. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गाची तपासणी मीच केली होती. दहापैकी नऊ पोरं फाडफाड बोलली, मी खूश. पुढच्या आठवड्यात पुण्याहून एक मैत्रीण आली होती, तिला म्हटलं तूही बोलून बघ. तिच्यासमोर तीच पोरं मुकी. मी वर्षभर नकळत तेच पाच-सहा प्रश्न, त्याच सुरात, भुवया त्याच ठिकाणी वर करून विचारत होते. पोरांना जर्मन येत नव्हतं, माझा चेहरा वाचता येत होता. तेव्हापासून माझे वर्ग मी तपासत नाही. मी दुसऱ्याचे बघते, दुसरं कुणी माझे.

मागच्या बाकावर

यानंतर वर्गात बसायचं. एक नाही, निदान तीन तास, वेगवेगळ्या दिवशी. पहिला तास नाटकाचा असतो, तो सोडून द्या. फोनचं स्टॉपवॉच आणि वही घेऊन मागच्या बाकावर बसा आणि फक्त वेळ मोजा: शिक्षक जर्मन किती बोलले, मराठी-इंग्रजी किती, मुलं जर्मन किती बोलली, आणि फळ्यावरून उतरवण्यात किती गेला. शेरे मारू नका. मिनिटं बोलतात.

एका तासाची माझी नोंद समोर आहे. ३५ मिनिटांत शिक्षिकेचं इंग्रजी १७, जर्मन ६, उतरवून घेणं ९, पोरांचं जर्मन ३. त्या तिनातलं अडीच मिनिट सगळ्यांनी मिळून ‘इश बिन, डू बिस्ट, एर इस्ट’ म्हणण्यात गेलं, पाढ्यांसारखं. म्हणजे पन्नास पोरांना मिळून स्वतःचं बोलायला अर्धं मिनिट. हे आकडे मी मॅडमना दाखवले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘मला वाटत होतं मी निम्मा वेळ जर्मन बोलते.’ सगळ्यांना तसंच वाटतं. मलाही वाटायचं.

ॲक्टफलची शिफारस आहे की वर्गातला ९० टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शिकायच्या भाषेतच जावा. आपल्या पन्नासच्या वर्गात सुरुवातीला मी एवढी कडक राहत नाही. पाच मिनिटं व्याकरण मराठीत खडखडीत समजावून द्यावं आणि उरलेला वेळ त्या भाषेत राहावं, हे मला पटतं. अडचण वेगळीच असते. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला जर्मन इंग्रजीतून समजावतात. बिचारं पोरगं आधी इंग्रजीचा घाट चढतं, मग जर्मनचा.

मराठी दारात उभी असते, तिला आत घ्या

तपासणीत मी एक खाना हमखास ठेवते: मुलांच्या मराठीचा उपयोग होतो का? इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांत डेर-डी-डास म्हणजे मोठं संकट असतं. आपल्याला तो-ती-ते जन्मापासून आहे. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा हे जुळत नाही, सूर्य आपल्याकडे तो आणि जर्मनमध्ये ती, टेबल आपल्याकडे ते आणि तिकडे तो. पण निर्जीव वस्तूला लिंग असतं, हे आपल्या पोराला नव्यानं पटवावं लागत नाही. मुलीला जर्मन ‘डास मेडशन’, म्हणजे नपुंसकलिंगी, का म्हणतात याचं इंग्रजी माध्यमाच्या पोरांना मोठं आश्चर्य वाटतं. कोल्हापुरात रोज ‘ते पोरगं’ म्हणतात. लहान रूप झालं की नपुंसक, जर्मनमध्येही अगदी तेच घडलंय.

डू आणि झी हा तू-तुम्हीचा भेद. फ्रेंचचं त्यू-वू तेच. जर्मन ‘झेड’चा उच्चार आपल्या चमच्यातला, चुलीतला च, शिक्षक मात्र पोरांना झेब्र्यातला झ शिकवत बसतात. आणि ‘वाइल इश म्युडे बिन’ या वाक्याला इंग्रजीतून आलेलं पोरगं हात लावायला घाबरतं, कारण क्रियापद शेवटी गेलंय. त्याखाली शब्दाला शब्द ठेवा: ‘कारण मी दमलेली आहे’. संपलं.

जपानीचं तर विचारूच नका. ‘तोमोदाची नि होन ओ आगेमासु’ म्हणजे मित्राला पुस्तक देतो, त्याच क्रमानं, ‘ला’च्या जागी ‘नि’. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत जपानीला २२०० तास धरतात, फ्रेंचला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. तो हिशोब इंग्रजीवाल्यांचा आहे. वाक्यरचनेत आपले बरेच तास वाचतात, चित्रलिपीत मात्र कुणालाच सूट नाही.

गुण कशाचे, ते बघा

आता ती निकालाची फाईल उघडा. गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि चार रंगांची पेनं घ्या. वाचन, लेखन, श्रवण, बोलणं. प्रत्येक प्रश्नाखाली त्या कौशल्याच्या रंगाची रेघ ओढा. व्याकरणाच्या गाळलेल्या जागा कुठल्याच रंगात बसत नाहीत, त्या तशाच सोडा. बऱ्याच पत्रिका बिनरंगाच्याच राहतात. श्रवणाचं पेन तर उघडावंच लागत नाही. तिन्ही वर्षं ‘माझं कुटुंब’ किंवा ‘माझा मित्र’ आलेला असतो, आणि मग त्या ९६ गुणांचं कोडं सुटतं. त्या मुलीनं काही चुकीचं केलेलं नाही. जे विचारतात ते तिनं केलं.

बाहेरच्या परीक्षांची रचना माहीत असू द्या, म्हणजे आपली कुठं लंगडते ते दिसतं. जर्मनच्या ग्योटे संस्थेच्या ए१ या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि १०० पैकी ६० ला उत्तीर्ण. फ्रेंचच्या डेल्फला ५० पुरतात, पण चारही भागांत २५ पैकी किमान ५ हवेत, म्हणजे तोंडीला गप्प बसलेला पास होत नाही. ही अट मला फार आवडते. उलट जपानीच्या जेएलपीटीत सगळ्यात खालच्या एन५ पासून वरच्या एन१ पर्यंत पाच पायऱ्या असूनही बोलण्याची परीक्षाच नाही. तेव्हा ‘आमची बारा मुलं एन५ झाली’ असं कुणी सांगितलं तर अभिनंदन करा, आणि बाराही जणांना डब्यात काय आहे ते विचारा.

तासांचं गणित

माहितीपत्रकात ए१, ए२, बी१ असे शब्द असतात. युरोप परिषदेनं २००१ मध्ये मांडलेल्या सहा पायऱ्या या, ए१ पासून सी२ पर्यंत, आणि प्रत्येक पायरी ‘काय करता येतं’ अशा वाक्यांत सांगितलेली आहे. किती धडे झाले याच्याशी तिचा संबंध नाही. पण तास लागतातच. ग्योटे संस्थेच्या अंदाजानं ए१ ला ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका, बी२ पर्यंत पोचायला ६०० ते ८००.

आता शाळेचं वेळापत्रक घ्या. आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास, गॅदरिंग, स्पोर्ट्स आणि परीक्षा वगळून वर्षाचे ३० आठवडे. झाले ३५ घड्याळी तास. आठवी ते दहावी मिळून १०५. ए१ ला ६० ते १५० घड्याळी तास लागतात, म्हणजे दहावीअखेर ए१ हा सरळ, प्रामाणिक वायदा आहे. नववीत ए२ असं पत्रकात छापलं असेल तर ते आधी खोडायला लावा. संस्थाचालकांना हे आवडत नाही. एकांनी मला विचारलं, ‘शेजारच्या शाळेनं ए२ लिहिलंय, मग आम्ही काय करायचं?’ मी म्हटलं, सर, शेजारच्या शाळेतलं पोर बोलवा आणि बोलून बघा.

जर्मनीत कामाला जायचं म्हणणाऱ्या नर्सिंगच्या पोरींचं गणित जास्त जिवाशी येतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून कोल्हापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर ‘सहा महिन्यांत बी२’चे फलक लागलेत. बी२ म्हणजे ४५० ते ६०० घड्याळी तास. रोज संध्याकाळी दोन तास, आठवड्याला सहा दिवस, २६ आठवडे धरले तर ३१२ होतात. उरलेले कुठून आणणार? रोज चार तासांचा क्लास असेल तर कागदावर बसतं, पण ड्युटी करून येणाऱ्या मुलीला चार तास वर्ग आणि वर घरचा अभ्यास झेपतो का, ते तिलाच विचारा. फी भरायच्या आधी हा गुणाकार फलकाखाली उभं राहून करावा, असं मी प्रत्येक पालकाला सांगते.

म्हणून कुठलाही कोर्स तपासताना पहिल्याच भेटीत विचारून घ्या की तो कुणासाठी आहे. ज्युनिअर कॉलेजात बहुतेकांनी जर्मन-फ्रेंच ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतलेलं असतं आणि ते लपवतही नाहीत. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्या वर्गाला नर्सिंगच्या वर्गाची पट्टी लावून काही हाती लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकसाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशी नावं आलीत, त्यामुळे काही शाळा आता ‘आणखी एक भाषा घालूया’च्या नादात आहेत. एक नीट चालू नसताना दुसरी घालू नये, एवढंच माझं मत.

सुधारायचं कुठून

एका सत्रात एकच गोष्ट बदला. आणि पहिली गोष्ट म्हणजे परीक्षा. शिक्षकांना प्रशिक्षण, नवी पुस्तकं, स्मार्ट बोर्ड हे सगळं नंतर. तोंडीचे वीस गुण शाळेच्या हातात असतात, ते खरे करा. पाठ म्हणून दाखवायला शून्य, डब्याच्या धर्तीवरच्या बोलण्याला वीस, आणि डेल्फसारखी किमान गुणांची अट. हे जूनमध्येच मुलांना आणि पालकांना सांगा. आकाशवाणीवर जाहीर केल्यासारखा परिणाम होतो. गणपतीपर्यंत पोरंच वर्गात मागायला लागतात की मॅडम, बोलायला घ्या.

मग वर्गात रोजची पहिली दहा मिनिटं जोडीजोडीनं बोलण्याची. विषय इथलेच. जर्मन पाहुण्याला तांबडा आणि पांढरा रस्सा समजावून सांग, कुठला ‘शार्फ’, म्हणजे तिखट, आणि कुठला नाही. बिंदू चौकातून भवानी मंडपाला कसं जायचं ते सांग. युरोपी नंबर सांगून चप्पल विकत घे आणि घासाघीस कर. घासाघिशीत पोरं तापतात, चुका होतात, होऊ द्याव्यात. पुस्तकातल्या बर्लिनच्या स्टेशनवर तिकीट काढण्यापेक्षा महाद्वार रोडवर त्यांना शब्द लवकर सुचतात. स्टेशन दहावीत आणा.

पैशाचं बोलायचं तर, एका ठिकाणी हेडफोन लावलेली भाषा प्रयोगशाळा बघितली. खुर्च्यांवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्याच शाळेतल्या मॅडम तासिका तत्त्वावर, चार शाळा करत, सकाळी कदमवाडी, दुपारी कागल, स्कूटीवर. अशा माणसाकडून सुधारणा मागायची तर तिला आठवड्याला एक पगारी मोकळा तास द्या, त्यात ती पोरांच्या वह्या बघेल किंवा दुसऱ्या मॅडमच्या वर्गात जाऊन बसेल. तिची स्वतःची पातळी बी१ असेल तर ते हळूच, चारचौघांत न काढता विचारा आणि पुढच्या परीक्षेची फी संस्थेनं भरावी. आम्ही काही जणी महिन्यातल्या एका शनिवारी मिसळ खायला जमतो आणि ऑर्डर येईपर्यंत जर्मनमध्येच बोलतो. कट आल्यावर मराठी, कारण माणसाला मर्यादा असतात.

गळतीही मोजा. आठवीत किती होते, दहावीत किती उरले, आणि सोडून गेलेल्यांपैकी चार-पाच जणांना फोन करा. राहिलेले गोड बोलतात. गेलेले खरं सांगतात.

अहवाल एका पानाचा, मराठीत. काय दिसलं, एक बदल कुठला, कुणी करायचा, कुठल्या तारखेपर्यंत. दुसऱ्या पानाला हात लावलात की तो कपाटात गेला म्हणून समजा. त्याच पानावर पुन्हा यायची तारीख टाका, पूर्वपरीक्षांच्या आधीची. तेच रकाने, तसंच स्टॉपवॉच, हजेरीपटातला या वेळी प्रत्येक सातवा नंबर. प्रश्न मात्र नवा काढा. डब्याचा आता निम्म्या कोल्हापुरात फुटलाय. गेल्या महिन्यात एका पोरीनं मी तोंड उघडायच्या आत जर्मनमध्ये भाकरी, वांगं आणि खर्डा सांगून टाकला, आणि नंतर कळलं, तिनं त्या दिवशी डबाच आणला नव्हता.